बेंचवरून उठलेली मुलगी

आमच्या घरात सकाळी भांडण झालं नाही, तर शेजारच्या काकू बेल वाजवून विचारतात, "सगळे बरे आहात ना?" हे भांडण घरगुती नसतं. ते अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवरून असतं आणि माझ्यात आणि माझ्या सासऱ्यांमध्ये असतं. तिकडे रात्रीचे सामने चालतात तेव्हा आपल्याकडे सकाळ असते. त्यामुळे आमच्या पोह्यांना फोडणी बसते तेव्हा टीव्हीवर तिसरा क्वार्टर चालू असतो, आणि डबे भरून होईपर्यंत निकाल लागलेला असतो. नवरा तटस्थ आहे. तो चहा करतो, दोघांना देतो आणि अंबडला कंपनीत निघून जातो.

सासरे रामकुंडावर पौरोहित्य करतात. वय झालं, तरी पहाटे गंगेवर जाणं सुटलेलं नाही. यात्रेकरू कमी असले की ते लवकर परततात, पाय धुतात आणि उपरण्याला हात पुसत पहिला प्रश्न विचारतात, "कोण पुढे आहे?" नात खेळायला लागली तेव्हा तिच्याशेजारी बसून ते हा खेळ बघू लागले. नियम त्यांनी आपल्या सोयीने शिकून घेतले. चेंडू न आपटता पावलं टाकली की ते ओरडतात, "पाऊल चोरलं!" खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी एकेकाचं बारसं केलं आहे. एक दाढीवाला, एक लांबोडा, एक रडका. रडका म्हणजे प्रत्येक फाउलनंतर रेफरीपुढे हात पसरणारा. आता घरात कुणीच त्याचं खरं नाव घेत नाही.

मी स्वतः खेळलेली आहे. शाळेकडून, कॉलेजकडून, जिल्ह्याकडून. लग्न ठरताना मी सासरी स्पष्ट सांगितलं होतं की स्वयंपाक येतो, पण मैदान सुटणार नाही. आता बँकेत नोकरी करते आणि मे महिन्यात आमच्या क्लबची मुलींची उन्हाळी स्पर्धा चालवते. तापट आहे. वादात माघार घेणं मला जमत नाही, आणि सासऱ्यांनाही जमत नाही, म्हणून आमचं छान चाललं आहे.

गेल्या हिवाळ्यात आमचा जो वाद पेटला, तो दाढीवाल्यावरून. मैदानात दोन खेळाडूंची धक्काबुक्की चालू असताना हा बेंचवरून उठून आत धावला. त्याने कुणाला हात लावला नाही, पण तिकडचा नियम कडक आहे. भांडण चालू असताना बेंच सोडला की पुढचा सामना बाहेर. तो बसला एक सामना. त्यावर आमचं दोघांचं एकमत होतं. पण मोसम अर्ध्यावर आला, यंदाचा सर्वोत्तम खेळाडू कोण याची चर्चा सुरू झाली आणि दाढीवाल्याचं नाव पुढे आलं, तेव्हा मी म्हणाले, "ज्याला बाहेर बसवावं लागलं, तो सर्वोत्तम कसा?"

"का नाही?" सासरे म्हणाले. "चुकला, तेव्हा बसवला. तो बसला. संपलं."

"बाबा, सर्वोत्तम म्हणजे नुसता गुणी नव्हे. संघाला गरज असताना जो हजर असतो, तो. हा त्या दिवशी हजर नव्हता, आणि ते स्वतःच्या चुकीने."

"मग एका चुकीला शिक्षा किती वेळा करायची? एकदा बाहेर बसवून आणि एकदा बक्षीस नाकारून?"

मग त्यांनी मला घाटावरची एक जुनी गोष्ट ऐकवली. त्यांच्या तरुणपणी एका पुरोहिताने यजमान कुणाचा यावरून दुसऱ्या पुरोहितावर हात उगारला होता. वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं, याने काही दिवस घाटावर बसायचं नाही. त्याने मुकाट्याने ते पाळलं. परत आला त्या दिवशी ज्यांनी शिक्षा दिली होती, त्यांनीच त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली, आणि जो कुणी कुजबुजला त्याला झापलं. "प्रायश्चित्त पुरतं घ्यायचं," सासरे म्हणाले, "त्यात सूट नाही. पण घेतल्यावर कुणी तो विषय तोंडातून काढायचा नाही."

"हे धर्मशास्त्र नाही, बास्केटबॉल आहे."

"म्हणजे तुमच्या बास्केटबॉलला शास्त्र नाही म्हण!"

माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. तिने बशीतले पोहे संपवले आणि म्हणाली, "तुम्हा दोघांना तिकडे कुणी मत विचारलेलं नाहीये." तरी आम्ही तो वाद महिनाभर ओढला. मीच जिंकले असं मला वाटत होतं, कारण शेवटी सासरे म्हणाले होते, "बरं, राहू दे." पण ते तसं म्हणतात तेव्हा हरलेले नसतात.

हा बेंचचा नियम आमच्या उन्हाळी स्पर्धेत मीच आणला होता. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात दोन्ही बेंच आत धावले, पालकही धावले, आणि एका मुलीचा चष्मा पायाखाली गेला. पुढच्या बैठकीत मी अमेरिकेचा नियम जसाच्या तसा मांडला आणि सगळ्यांना पटवला. भांडण चालू असताना बेंच सोडला तर पुढचा सामना बाहेर, आणि बाहेर म्हणजे मैदानाभोवतीच्या जाळीच्या बाहेर. सासऱ्यांनी तेव्हा घरी मला चिडवलं होतं, "अमेरिकेचं सोवळं आपल्या अंगणात आणलंस होय?" मी म्हटलं, सोवळं कुठलंही असो, पाळलं म्हणजे झालं.

आमच्या स्पर्धेची एक गोष्ट मात्र अमेरिकेत नाही. तिथे सर्वोत्तम खेळाडू पत्रकार मत देऊन ठरवतात. आमच्याकडे तो विरोधी संघांचे कॅप्टन ठरवतात, आणि तेही सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलून. ही पद्धत आम्हाला क्लबमध्ये खेळ शिकवणाऱ्या सरांनी घातली. सर आता नाहीत, पद्धत आहे. फायनल झाली की स्पर्धेतले चारही संघ मैदानाच्या मधल्या गोलाभोवती बसतात. प्रत्येक कॅप्टन उभी राहते आणि दुसऱ्या संघातल्या एका मुलीचं नाव घेते. स्वतःच्या संघातलं नाव घ्यायचं नाही. नुसतं नाव घेऊनही भागत नाही, का ते सांगावं लागतं, आणि तिचे दोषही सांगावे लागतात. जिचं नाव निघालं, तिने गोलात येऊन बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. याला आम्ही पंचायत म्हणतो. बक्षीस म्हणून तांबट गल्लीतून आणलेला तांब्याचा गडू असतो, आणि जिंकलेली मुलगी सगळ्यांसमोर त्यातून पाणी पिते.

माझं नाव पंचायतीत एकदाच निघालं होतं. समोरच्या कॅप्टनने माझं भरपूर कौतुक केलं आणि शेवटी म्हणाली, "पण हिला चेंडू मिळाला की ही बाकीच्या चौघींना विसरते." गडू दुसरीला मिळाला. मी घरी जाऊन रडले आणि मग पास द्यायला शिकले. माझी मुलगी हे ऐकत लहानाची मोठी झाली. तिला तो गडू पाचवीत असल्यापासून हवा होता, आणि हे साल तिचं शेवटचं होतं. पुढच्या वर्षी ती वयोगटातून बाहेर जाणार होती आणि शिकायला पुण्यालाही.

या मे महिन्यात ती जी खेळली, तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती उंच नाही. माझ्यापेक्षा दोन बोटं कमीच भरेल. पण चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळतं, आणि रिबाउंडला, म्हणजे बास्केट हुकून परतलेल्या चेंडूला, ती उंच मुलींच्या पुढे घुसून जागा धरते. मी टेबलवर गुण लिहीत बसायचे आणि चेहरा कोरा ठेवायचे. आपल्याकडे आपल्याच लेकराचं चारचौघांत कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. मी दृष्ट मानत नाही, पण कौतुकही करत नाही. कुणी म्हणालं, "पोरगी छान खेळते हं," की मी म्हणते, "अजून डाव्या हाताने येत नाही तिला." आतून मात्र ऊर भरून यायचा.

सेमीफायनल आमच्याच गावातल्या एका संघाशी होती. तिसऱ्या क्वार्टरला मुलगी दम घ्यायला बेंचवर आली. आमच्या संघात तिची एक मैत्रीण आहे, अंगाने बारीक, वाऱ्याने उडेल अशी. बास्केटखाली तिला कोपर लागलं आणि ती डोक्यावर आपटली. लगेच ढकलाढकली सुरू झाली. दोन्ही बाजूंच्या मुली एकमेकींच्या अंगावर, रेफरी मधे. सगळं मैदान तिकडे बघत होतं. मी टेबलवरून बघत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी मुलगी पाण्याची बाटली टाकून आत धावली. तिने कुणाला धक्का दिला नाही. त्या गर्दीत वाकली, मैत्रिणीला काखेत हात घालून बाहेर ओढलं आणि परत येऊन बेंचवर बसली. हे सगळं इतक्या झटपट झालं की रेफरीला काहीच दिसलं नव्हतं.

शांत झाल्यावर तो टेबलपाशी आला. ढकलाढकली करणाऱ्या दोघींना टेक्निकल फाउल लावले आणि मग पद्धतीप्रमाणे विचारलं, "बेंचवरून कुणी उठलं होतं?"

टेबलवर आम्ही दोघी होतो. शेजारची मुलगी घड्याळ सांभाळत होती, तिने नकारार्थी मान हलवली, कारण तिने खरंच पाहिलं नव्हतं. रेफरी जायला वळला.

"हो," मी म्हणाले. "आमची उठली होती."

रेफरी चांगला माणूस. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ती पोरीला उचलायला गेली असेल." मी म्हटलं, हो, त्यासाठीच गेली होती. मग त्याने लिहून घेतलं. नियमात कशासाठी उठली हे विचारलेलंच नव्हतं, आणि तो नियम मांडताना मीच म्हणाले होते की कारणं ऐकायला लागलो तर प्रत्येकीकडे कारण असेल.

सेमीफायनल आम्ही जिंकलो. मुलीने शेवटच्या क्वार्टरला कमाल केली, कारण तिला अजून काही माहीत नव्हतं. नंतर कळलं. ती माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "तू सांगितलंस?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. डबा हवा का, नको. किल्ली कुठे आहे, तिथे आहे.

फायनलपर्यंतचे ते दिवस मला नकोसे झाले. संघातल्या पालकांचे फोन आले. एक आई म्हणाली, "तुमचा नियम तुम्हीच मोडू शकता ना?" मी म्हटलं, म्हणूनच मोडता येत नाही. नवऱ्याने पहिल्यांदाच तटस्थपणा सोडला आणि विचारलं, "पोरीसाठी एकदा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं?" मी त्याच्यावर भडकले. भडकले, कारण तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते. वाटलं होतं, सासरे तरी नातीची बाजू घेतील आणि मला जोरात भांडता येईल. पण ते म्हणाले, "बसू दे तिला. सूट मागायची नाही." आणि नातीच्या खोलीत जाऊन तिच्याबरोबर सामना बघत बसले.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या संघाची कॅप्टन मला मैदानावर भेटली. पिंपळगाव बसवंतचा संघ. त्या मुली द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटच्या शेजारी दाटीवाटीने बसून टेम्पोतून यायच्या. कॅप्टन उंच, खांद्याने रुंद, हसली की डोळे मिटायचे. ती यंदाच्या स्पर्धेतली दुसरी खरी खेळाडू होती, आणि पहिली कोण यावर मी पैज लावली नसती.

"काकू, तिला खेळू द्या ना," ती म्हणाली. "आमची काय तक्रार नाय. आम्ही सगळ्या जणी लिहून देतो पाहिजे तर."

"तुम्हाला सोपं जाईल ना ती नसली तर."

"तेच तर! ती नाय खेळली आणि आम्ही जिंकलो, तर लोकं म्हणतील, ती नव्हती म्हणून जिंकल्या. लय बेकार वाटतं असं ऐकायला."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी म्हटलं, "नियम आहे बाळा. तुझ्यासाठीही तोच असता." तिने मान डोलावली आणि चेंडू घेऊन पुन्हा शूट करायला गेली.

उन्हामुळे फायनल सकाळी सात वाजता ठेवली होती. सासऱ्यांनी घाटावर दुसऱ्याला सांगून सुट्टी काढली. ते आणि नात जाळीच्या बाहेर, कडुलिंबाच्या सावलीत उभे. नियमाप्रमाणे तिला आत येता येत नव्हतं, आणि त्यांना येता येत असूनही ते आत आले नाहीत. मी टेबलवरून त्या दोघांकडे बघायचं टाळत होते. पण तिचा आवाज ऐकू येत होता. ती जाळीला हात धरून प्रत्येक मुलीला सांगत होती, डावीकडे बघ, मागे बघ, शाब्बास. ती बारीक मैत्रीण त्या दिवशी जिद्दीने खेळली. शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही बरोबरीत होतो, आणि मग पिंपळगावच्या कॅप्टनने एक रिबाउंड घेतला, जो माझ्या मुलीने तिला कधी घेऊ दिला नसता. आम्ही हरलो. आमच्या एका पालकाने माझ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने सुस्कारा टाकला. मी गुण लिहिले.

सामना संपला तशी शिक्षाही संपली. मी रेफरीला सांगितलं, जाळीचं दार उघडा. मुलगी आत आली आणि आपल्या संघाच्या मागे जाऊन बसली.

पंचायत सुरू झाली. पिंपळगावची कॅप्टन आधी उठली, आणि तिने माझ्या मुलीचं नाव घेतलं. "साखळी सामन्यात मी हिच्यापेक्षा एवढी उंच," तिने हाताने दाखवलं, "तरी हिने मला बास्केटखाली उभं राहू दिलं नाय. दोष म्हणजे, डाव्या हाताने काय येत नाय." सगळे हसले. मुलगी उठून गोलात बसली. मग आमच्या कॅप्टनने पिंपळगावच्या कॅप्टनचं नाव घेतलं आणि चांगलं बोलली. तिसरीनेही तिचंच घेतलं, आणि माझ्या मुलीबद्दल म्हणाली, "ती चांगलीच आहे. पण फायनलला ती नव्हती. सर्वोत्तम म्हणजे संघाला गरज असताना जी हजर असते ती. ही स्वतःच्या चुकीने बाहेर बसली."

माझंच वाक्य. हिवाळ्यात पोह्यांवर बसून मी जे बोलत होते, ते त्या पोरीने न ऐकता, स्वतःच्या बुद्धीने, शब्दशः म्हटलं होतं. जाळीपाशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौथी कॅप्टन, जिच्या संघाशी सेमीफायनलला मारामारी झाली होती, ती उठली आणि म्हणाली, "बेंचवरून उठली, पण आमच्यातल्या एकीलाही तिने हात लावला नाही. मी तिचं नाव घेते." झालं. दोघींना दोन-दोन.

बरोबरी झाली तर स्पर्धा चालवणाऱ्याने ठरवायचं, असं सरांनी घालून दिलं होतं. आजवर ती वेळ माझ्यावर आली नव्हती. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी उठून म्हणाले, "यातली एक माझी मुलगी आहे. हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावं. रेफरींनी ठरवावं."

रेफरी दोन्ही हात वर करून मागे सरकला. आणि गोलात बसलेली पिंपळगावची कॅप्टन, जिला तोंड उघडायची परवानगी नव्हती, ती बोलली. "काकू, फायनलला पोरीला बाहेर बसवताना नाय घाबरल्या, आता का घाबरून राहिल्या? जे वाटतं ते सांगा. मला नाय मिळालं तरी चालेल, पण खरं सांगा."

सोपं उत्तर माझ्या समोर होतं. पिंपळगावच्या मुलीचं नाव घ्यायचं, टाळ्या घ्यायच्या, सगळे म्हणाले असते, बाई किती निःपक्षपाती. ती मुलगी लायकही होती. पण मी महिनाभर टेबलवर बसून प्रत्येक सामना पाहिला होता, आणि मला पक्कं माहीत होतं मला काय वाटतं. तिला बाहेर बसवणं हे नियमाचं काम होतं. आता तिचं नाव न घेणं हे फक्त माझी अब्रू सांभाळण्याचं काम झालं असतं, आणि त्याची किंमत तिने मोजायची. ती एकदा बाहेर बसली होती. पुरती बसली होती, एक शब्द न बोलता.

"हिवाळ्यात माझ्या घरी एक वाद झाला होता," मी म्हणाले. "शिक्षा झालेला खेळाडू सर्वोत्तम होऊ शकतो का? मी नाही म्हणत होते. मी चुकत होते. शिक्षा भोगून झाली की ती संपली." जाळीपाशी सासऱ्यांनी उपरणं झटकलं. "दोघी फार चांगल्या खेळल्या. पण या महिन्यात या मैदानावर सगळ्यात चांगली खेळली ती माझी मुलगी. माझं मत तिला."

आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत माझ्या मुलीचं कौतुक केलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मग पिंपळगावच्या मुलीने टाळी वाजवली, आणि तिच्या संघाने, आणि मग बाकीच्यांनी, काहींनी मनापासून, काहींनी रीत म्हणून. तिसऱ्या संघाच्या कोचने टाळी वाजवली नाही. दुपारी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "घरचा गडू घरी." मला संताप आला, उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं.

मुलगी गडूतून पाणी प्यायली, आणि मग तिने तो पिंपळगावच्या कॅप्टनपुढे धरला. तीही प्यायली. सासरे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सूनबाई, एवढ्या लोकांपुढे हरलीस, छान वाटलं." आणि न्यायला आलेल्या नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसले.

मुलगी माझ्या मागे स्कूटरवर बसली. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता उकरून ठेवला होता, त्यामुळे हळू जावं लागत होतं, आणि ऊन चांगलंच तापलं होतं. मला वाटलं, ती अजून कामापुरतंच बोलणार. मग सिग्नलला थांबलो तेव्हा तिने मागून विचारलं, "आई, खरं सांग. मी खरंच चांगली खेळले, की तुला वाईट वाटत होतं म्हणून दिलंस?"

"वाईट तर फार वाटत होतं," मी म्हणाले. "पण वाईट वाटलं म्हणून काही द्यायचं असतं ना, तर मी तुला फायनल खेळू दिली असती."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मग तिने पुढे होऊन हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाली, "चल मग."